दुखतंय ते बोला, मग पळा



आज आपण पळण्याविषयी बोलणार आहोत. आठ-बाराची लोकल गाठायला जिन्यावरून पळतो ते पळणं नव्हे. ते आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. मी बोलतेय ते सकाळी बूट घालून, ठरवून, स्वतःसाठी पळण्याविषयी.

गेल्या काही वर्षांत आपल्या उपनगरांतल्या सकाळी बदलल्या आहेत. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलाकडे, घाटकोपरला पंतनगरच्या आचार्य अत्रे मैदानावर, मुलुंडला कालिदासच्या परिसरात, कुठंही सहाच्या सुमाराला जाऊन बघा. पंजाबी ड्रेसवर बूट घातलेल्या, ओढणी कमरेला बांधलेल्या बायका चालताना आणि पळताना दिसतील. काहींना साखरेसाठी डॉक्टरांनी सांगितलंय. काहींना जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भाग घ्यायचाय. ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. पूर्ण शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची, अर्धी २१ किलोमीटरची, आणि आपल्यासारख्या हौशी माणसांसाठी साधारण सहा किलोमीटरची ड्रीम रन. काही मुली पोलीस भरतीची तयारी करताहेत. त्यांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक द्यावी लागते.

आमच्या बचत गटांमधूनही बऱ्याच जणी पळायला लागल्या. आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. दोन-तीन महिन्यांत निम्म्या जणी येईनाशा होतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, वेळच मिळत नाही." पण बैठक संपल्यावर, वह्या आवरताना, हळूच खरं कारण बाहेर येतं. मांड्या घासून सोलल्या जातात. अंगठ्याचं नख काळं पडलंय. पळताना थेंब थेंब लघवी होते. आणि उरलेल्या निम्म्या, ज्या येत राहतात, त्यांच्यातल्या काही जणी भलतंच दुखणं लपवून पळत असतात.

म्हणून आजचं बोलणं एवढ्याच मुद्द्यावर आहे. पळणाऱ्या बाईची दुखणी दोन प्रकारची असतात. एक प्रकार घरच्या घरी, थोड्या समजुतीनं जाणारा. त्यासाठी पळणं सोडायची गरज नाही. दुसरा प्रकार थांबवणारा. तिथं सोसणं म्हणजे शहाणपण नव्हे. आपल्याला लहानपणापासून सोसायलाच शिकवलंय, त्यामुळे या दोन्हींतला फरक आपण विचारतच नाही.

पायापासून सुरुवात करू.

पायाला फोड येतात ते ओलावा आणि घासणं यांमुळे. मुंबईच्या दमट हवेत पाय पाच मिनिटांत भिजतात. साधा सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. पातळ, लवकर वाळणारा खेळाचा मोजा घ्या आणि जिथं घासतं तिथं आधी व्हॅसलिन लावा. फोड आला तर तो फोडायची घाई करू नका. स्वच्छ धुऊन वर पट्टी लावा. मधुमेह असलेल्या मैत्रिणींनी रोज रात्री तळपाय बघायचेच, कारण त्यांना फोड दुखतोच असं नाही, आणि न दुखणारी जखम चिघळते.

अंगठ्याचं नख काळं पडतं, कारण पुढं बुटात जागा नसते आणि प्रत्येक पावलाला नख आपटतं. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. मोजा घालून उभं राहा. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. मुलाचे जुने बूट "होताहेत की" म्हणून घालू नका.

बुटांवरून आमच्या एका गटात चांगलाच वाद झाला होता. एका ताईनं बुटांसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. दोघी-तिघी म्हणाल्या, कर्ज शिलाई मशीनला, मुलांच्या फीला, आजारपणाला, बुटांना कुठं असतं? ती पोळीभाजी केंद्र चालवते, दिवसाचे आठ तास उभी असते. ती म्हणाली, "माझी मशीन म्हणजे माझे पाय. बिघडले तर दुरुस्तीला जास्त लागतील." ठराव झाला, कर्ज मिळालं, आणि तिनं ते वेळेत फेडलं. दोन हजारांच्या आसपास बरे बूट मिळतात. त्याहून महाग हवेतच असं नाही. टाच घट्ट धरणारे, पुढं मोकळे, तळवा झिजून गुळगुळीत न झालेले, एवढं पुरे.

पावसाळ्यात बूट ओले झाले की आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, काही तासांनी बदला. ओल्या बुटात पाय घालत राहिलं की बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, कातडी पांढरी पडते. पाय धुतल्यावर तिथलं पाणी टिपणं हाच अर्धा उपाय.

आता टाच. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते आणि चार पावलं चाललं की कमी होते. ही तक्रार पळणाऱ्यांची आहेच, पण ओट्यापाशी तासन् तास उभ्या राहणाऱ्यांचीही आहे. तळव्याखालचा जाड पडदा ताणला जातो. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवा, खुर्चीवर बसून ती तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. घरात कडक फरशीवर अनवाणी फिरू नका, एक मऊ चप्पल घरासाठी ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होत नाही हे. काही महिनेही लागू शकतात, म्हणून धीर धरा.

पायाच्या नळीचं दुखणं सगळ्यात फसवं. आपल्याकडे रस्ते काँक्रीटचे, फुटपाथ पेव्हर ब्लॉकचे, कुठं एक ब्लॉक वर तर कुठं एक गायब. कठीण जमिनीवर एकदम जास्त पळलं की गुडघ्याखाली पुढच्या बाजूला दुखतं. दुखणं लांबवर पसरलेलं असेल, विश्रांतीनं कमी होत असेल, तर काही दिवस पळणं थांबवून चाला आणि नंतर मैदानाच्या मातीवर हळूहळू सुरू करा. पण हाडावर एकाच जागी, एका बोटानं दाखवता येईल असं दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला ते साध्या एक्स-रेमध्ये दिसतही नाही.

आमच्या वस्तीतली एक मुलगी पोलीस भरतीसाठी पळत होती. आई गटाची सदस्य. मुलीच्या नळीवर एका जागी दुखत होतं, पण तिनं घरात सांगितलं नाही. सांगितलं तर "बघ, मुलीच्या जातीला झेपत नाही" असं कुणीतरी म्हणेल, आणि वय निघून चाललंय ही भीती. ती दुखण्याच्या गोळ्या घेऊन पळत राहिली. शेवटी पाऊल टेकवेना तेव्हा हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. चीर होती. दोन महिने विश्रांती, त्या वर्षीची भरती गेली. तिची आई मला म्हणाली, "ताई, पोरीनं माझंच उचललं. मी पण कधी सांगत नाही ना." हे वाक्य मी पुढच्या प्रत्येक बैठकीत सांगते.

गोळीचंही सांगून टाकते. पळायच्या आधी दुखण्याची गोळी घेऊन निघू नका. गोळी दुखणं झाकते, बरं करत नाही, आणि घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. पाय मुरगळला तर लगेच तेल चोळून मालीश किंवा गरम शेकही नको. पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-पंधरा मिनिटं लावा आणि पाय उंच ठेवा.

नवीन सुरुवात केलेल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात. ती काळजीची गोष्ट नाही. न वापरलेले स्नायू वापरले की असं होतं आणि तीन-चार दिवसांत जातं. पळताना कुशीत कळ आली, तर वेग कमी करा, चाला, आणि लांब श्वास सोडा. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. बहुतेक वेळा आपण चहा-पोहे खाऊन लगेच निघालेल्या असतो. पोटभर खाल्ल्यावर दोन तास जाऊ द्या. पहाटे निघायचं असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरतात.

आता ज्या गोष्टी बैठक संपल्यावर हळूच सांगितल्या जातात, त्या मी मोठ्यानं सांगते.

मांड्या घासणं, काखेत घासणं, ब्राच्या पट्टीखाली सोलवटणं, हे जाड बारीक सगळ्यांना होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पळायच्या आधी तिथं व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. आतून गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घाला, वरून हवा तो ड्रेस.

छातीला आधार हवाच. साध्या ब्रामध्ये पळलं की छाती आणि खांदे दुखतात, आणि बऱ्याच जणी त्या संकोचानंच पळणं सोडतात. स्पोर्ट्स ब्रा हा काही शेकडो वर्षांपूर्वीचा शोध नाही. १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल नावाच्या पळणाऱ्या बाईला हाच त्रास होत होता. तिनं पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या दोघींना सोबत घेतलं. पुरुष खेळाडू वापरतात त्या आधाराच्या दोन पट्ट्या जोडून शिवल्या आणि पहिली स्पोर्ट्स ब्रा तयार झाली. तीन बायका, एक अडचण आणि शिवणकाम. आपल्या शिलाईच्या गटांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे ही. घेताना जागच्या जागी दोन उड्या मारून बघा. छाती हलून दुखत नसेल आणि श्वास पूर्ण घेता येत असेल, तर माप बरोबर.

पाळीत पळलं तर चालतं का, हा प्रश्न नेहमी येतो. चालतं. बरं वाटत असेल तर पळा, नसेल तर चाला किंवा घरी राहा. पण पळायला लागल्यापासून तीन महिने पाळीच आली नाही, आणि दिवस राहिलेले नाहीत, तर ती सुटका समजू नका. पळणं वाढवलं आणि वजन कमी करायला जेवण तोडलं, की शरीर पाळी बंद करून टाकतं. त्याच वेळी हाडंही कमजोर व्हायला लागतात. डॉक्टरांना भेटा आणि पोटभर जेवा.

पळताना, शिंकताना, हसताना लघवी होणं. बाळंतपणानंतर ही तक्रार खूप जणींना असते. "वयानुसार होतंच" म्हणून सोडून देऊ नका, कारण त्यावर व्यायाम आहे. लघवी आणि वारा रोखताना आपण जे स्नायू आत ओढतो, तेच बसल्या जागी पाच आकडे मोजेपर्यंत आत ओढून धरायचे आणि तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. रिक्षात, लोकलमध्ये, टीव्ही बघताना, कुणाला कळतही नाही. दोन-तीन महिने नेमानं केलं की बहुतेक जणींना फरक पडतो. न पडल्यास किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

याच भीतीनं बायका पाणी पीत नाहीत. आणि भीती खोटीही नाही. मुंबईत बायकांना स्वच्छ, फुकट मुतारी मिळावी म्हणून २०११ पासून 'राइट टू पी' नावाची चळवळ चालवावी लागली, यावरून काय ते समजा. पण न पिता पळणं हा उपाय नव्हे. ज्या मैदानाजवळ किंवा बागेत शौचालय आहे तीच जागा निवडा. तहान लागेल तसं घोट घोट प्या. एकदम दोन लिटर ढोसणंही वाईट, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर, उलटी होते. तासाभराहून जास्त पळणार असाल तर मीठ-साखर-पाणी सोबत घ्या. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वरून लिंबू पिळा. ऑक्टोबरच्या आणि मे महिन्याच्या दिवसांत ऊन चढायच्या आत घरी. हिवाळ्यात सकाळी धुरकं दाट असेल, तर हायवेच्या कडेनं पळू नका, आतल्या बागेत जा.

आणखी एक न दिसणारी गोष्ट म्हणजे रक्त कमी असणं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. पळताना लवकर धाप लागणं, छातीत धडधड, सतत थकवा यांना आपण "सवय नाही ना" असं म्हणतो. आधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली नको. पालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी होते. हिरवी पालेभाजी, कडधान्यं, त्यावर लिंबू, आणि जेवणासोबत चहा नको, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. फार कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण संपवा.

आता थांबायच्या खुणा सांगते. या मात्र पाठ करा. छातीत दाब किंवा दुखणं, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणं, गार घाम, डोळ्यांपुढं अंधारी, विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप. बायकांमध्ये कधी कधी फक्त मळमळ आणि कमालीचा थकवा एवढंच दिसतं. अशा वेळी "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी जाऊन पडू नका, सरळ इस्पितळ गाठा. चाळिशी ओलांडली असेल, ब्लडप्रेशर किंवा साखर असेल, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर पळायला सुरुवात करण्याआधीच तपासून घ्या. सांधा सुजला, गरम झाला, गुडघा अडकायला लागला, किंवा लंगडत पळावं लागतंय, तरी थांबायचं.

पळणं वाढवायचं कसं? आपल्याला बचतीचा हिशेब चांगला कळतो, म्हणून तोच सांगते. गटात नवीन आलेल्या बाईला आपण पहिल्याच महिन्यात मोठं कर्ज देत नाही. आधी तिचा हप्ता बघतो. शरीराचंही तसंच. पहिले काही आठवडे एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, आधीच्या आठवड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढंच. शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मधले दिवस विश्रांतीचे. नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्याला चढ आहे. तिथं सुरुवात करू नका, सपाटीवर करा.

बारामतीच्या लताबाई करे आपल्याला माहीत आहेत. साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि शर्यत जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्या पळाल्या त्या नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून, हे आपण भाषणांत विसरतो. अनवाणी पळणं ही त्यांची हौस नव्हती. बाईनं सोसलं की आपण टाळ्या वाजवतो. तिला बूट आणि औषध वेळेवर मिळावं, यासाठी मात्र कुणी टाळ्या वाजवत नाही.

आणि गंमत अशी, की घरात "सोस" म्हणणाऱ्या जगानं मैदानावर आपल्याला "तुला सोसणार नाही" असं सांगितलं. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर पळाल्या. त्या दमल्या म्हणून ती शर्यतच काढून टाकली, ती १९६० मध्ये परत आली. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. आणि २०१६ साली साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. माणसारख्या दुष्काळी भागातून. आपली ताकद किती, हा प्रश्न उरलेलाच नाही.

तर या आठवड्यात एक काम करा. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की पाच मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकीला विचारा, "काय दुखतंय?" पळणाऱ्यांना विचारा, न पळणाऱ्यांनाही विचारा. पहिल्यांदा सगळ्या म्हणतील, "काही नाही." दुसऱ्यांदा विचारा. एकीनं सांगितलं की बाकीच्या बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे. जे घरगुती असेल त्यावर उपाय एकमेकींना सांगा. जे थांबवणारं असेल, तिथं तिच्यासोबत एकीनं दवाखान्यात जायचं ठरवा. एकटीला पाठवू नका, एकटी ती जाणार नाही.

आणि मग उद्या सकाळी भेटा मैदानावर. हळू पळा, बोलत बोलत पळा.